बर्फातले जिन्न आणि बिनपगारी फौज

रणांगण पंधरा षटकोन लांब, अकरा षटकोन रुंद. डाव्या कडेला एक जिन्न हवेत तरंगतो आहे आणि त्याच्या पायाशी, म्हणजे पाय असते तर जिथे असते तिथे, एका चौकटीत आकडा आहे: २३. दिसतो एक, आहेत तेवीस. त्याच्या शेजारी कमरेखाली साप असलेली एक बाई, अनेक हातांची, हातोहाती तलवारी. तिचा आकडा ६. या सगळ्यांच्या मागे त्यांचा नायक घोड्यावर स्वस्थ बसला आहे. तो स्वतः कधी लढत नाही, बसल्या जागेवरून मंत्र टाकतो.

हे चित्र तुमच्यापैकी काहींनी हॉस्टेलच्या खोलीत रात्ररात्र पाहिलं असेल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळाचं नाव ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, साल १९९९, बनवणारी कंपनी कॅलिफोर्नियातली न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग. तिची मालक कंपनी थ्रीडीओ २००३ मध्ये बुडाली, मालिकेचे हक्क युबीसॉफ्टने घेतले, पुढचे भाग निघाले, पण लोक अजून तिसराच भाग खेळतात. पोलंड आणि रशियात तर तो आपल्याकडच्या कॅरमसारखा घरोघरी पोचलेला आहे. मी इथे अबू धाबीत ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे एक पोलिश सहकारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने बसून आम्ही हा खेळ खेळतो आणि मी बहुतेक वेळा हरते. तेव्हा हे परीक्षण पराभूताने लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

खेळ थोडक्यात असा: तुमच्याकडे एक नगर असतं. त्यात सात पायऱ्यांचे सात प्रकारचे जीव मिळतात, किरकोळांपासून महाकायांपर्यंत. प्रत्येकाचं एक घर बांधायचं, मग दर आठवड्याला त्या घरात ठरावीक संख्येने जीव हजर होतात. सोनं मोजायचं, त्यांना फौजेत घ्यायचं, नायकाच्या हाताखाली द्यायचं आणि नकाशाभर हिंडवायचं. फौजेत जागा सातच, पण एका जागेत एकाच जातीचे कितीही मावतात. म्हणून तो आकडा.

मी ज्या नगराबद्दल बोलणार आहे त्याचं नाव ‘टॉवर’. हे जादूगारांचं नगर बर्फाळ डोंगरावर आहे. फौज अशी: ग्रेमलिन, दगडी गार्गॉइल, दगडी गोलेम, मांत्रिक, जिन्न, नाग आणि सर्वांत वर राक्षसी उंचीचे जायंट. पाचव्या पायरीवर जिन्न, सहाव्यावर नाग. मराठी माणूस आखातात बसून हा खेळ खेळू लागला की त्याची नजर या दोघांवर थबकते. एक इथला, एक तिथला, आणि दोघंही राहतात बर्फात.

कुराणात जिन्नांची निर्मिती धूर नसलेल्या अग्नीपासून झाली असं सांगितलं आहे. खेळाने त्या अग्नीच्या लेकराला हिमाच्छादित गच्चीवर नेऊन ठेवलं. रास अल खैमाची एक सहकारी आमच्या खेळात मागून डोकावली तेव्हा तिने एवढंच विचारलं, की याला थंडी वाजत नाही का. हे कसं झालं याचा माग काढणं अवघड नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्याने अरबी कथांमधले दोन शब्द उचलले आणि त्यांना दोन खाती वाटून दिली: जिन्न वाऱ्याचा, इफ्रीत आगीचा, आणि दोघांत वैर. जुन्या कथांमध्ये इफ्रीत म्हणजे जिन्नांतलाच एक दांडगा, आडदांड प्रकार. इथे ती वेगळी जात झाली. ‘हिरोज ३’ ने ही वाटणी जशीच्या तशी घेतली. इफ्रीत नरकाच्या नगरात गेले, जिन्न बर्फात.

आता यावर कपाळाला आठ्या घालणं सोपं आहे, आणि आपल्या लोकांना ते आवडतंही. पण आपण तरी काय केलं? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या, त्यानंतर त्यांच्या पोरांसाठीच्या आवृत्त्या निघाल्या, आणि त्यातल्या अल्लाउद्दिनच्या दिव्यातून कोण बाहेर आलं? राक्षस. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ‘दिव्यातला राक्षस’ असंच वाचलं आहे. जिन्न हा शब्द आपल्याला हिंदी मालिकांनी दिला. आपल्याला जागा ठाऊक नसलेल्या जिवाला आपणही घरातल्याच एका रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं. मालिकेच्या पाचव्या भागात, २००६ मध्ये, रशियातल्या निव्हल कंपनीने याच जादूगारांच्या फौजेत नागाऐवजी राक्षस आणला. तिथे पाचव्या पायरीवर जिन्न आणि सहाव्या पायरीवर राक्षस शेजारी शेजारी उभे राहतात. मराठी बालवाचनातला तो गोंधळ अजाणता त्या फौजेत येऊन बसला आहे.

परदेशी खेळात आपला नाग दिसला की हुरळून जायचं किंवा चिडायचं, या दोन्हींत मला रस नाही. मला बघायचं असतं ते वेगळंच: त्या जिवाची गोष्ट त्याच्या नियमात उतरली आहे का?

बुद्धिबळाचं उदाहरण घ्या. चतुरंगातला हत्ती इराणमार्गे अरबांकडे गेला. शत्रंजच्या अरबी पटावर त्याचं नाव ‘अल्-फील’, चाल तिरपी, मधलं घर ओलांडून उडी. अरबी सोंगट्या बहुधा बिनचेहऱ्याच्या. सोंड गेली, कान गेले, उरली चाल. स्पेनमध्ये त्या सोंगटीला आजही ‘अल्फिल’ म्हणतात, पण तिथल्या पोराला तो हत्ती होता हे सांगावं लागतं. आपल्या पटावर त्याच सोंगटीला उंट म्हणतात आणि हत्ती कोपऱ्यात जाऊन उभा आहे. वजीर, प्यादं, शह, मात हे शब्द फारसी-अरबीतून फिरून आपल्याकडे परत आले. म्हणजे जीव प्रवास करतात तेव्हा त्यांचं शरीर, नाव, देश सगळं बदलू शकतं. टिकते ती चाल. चाल म्हणजेच त्याची गोष्ट, अगदी आटवून घट्ट केलेली.

‘हिरोज ३’ मधल्या नागाला हा निकष लावा. रणांगणावर एकाने दुसऱ्याला मारलं की मार खाल्लेला उलटा वार करतो. नागाने मारलं तर समोरच्याला उलटा वार करता येत नाही. इतके हात एकदम चालले की सावरायला सवडच मिळत नाही, असं ते गणित. खेळ हे कुठे समजावत बसत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या लढाईत तुम्हाला ते हाताला जाणवतं. जिन्न इफ्रीतावर तुटून पडतो तेव्हा नेहमीच्या दीडपट इजा करतो. रक्तपिपासू व्हॅम्पायर लॉर्ड मारता मारता स्वतःची मेलेली माणसं उठवतो. हायड्रा आपल्या सगळ्या डोक्यांनी भोवतालच्या सर्वांना एकदम चावते. फिनिक्स राखेतून उठतो. आणि पैसे भरून बढती दिलेला थोरला जिन्न आपल्याच माणसांवर काहीतरी चांगला मंत्र टाकतो, मात्र कोणता टाकणार हे तुमच्या हातात नसतं. हे मला फार आवडतं. जिन्नाकडे मागणं मागावं आणि मिळेल ते भलतंच असावं, ही सगळी परंपरा त्या एका नियमात आली आहे. बर्फ चुकलं असेल, पण चाल बरोबर आहे.

आता पाचव्या भागातला राक्षस बघा. त्याचं तोंड मांजर-वाघाच्या जातीचं. सहाव्या पायरीवरचं त्याचं नाव ‘राक्षस राणी’. तिला सोनं देऊन बढती दिली की होतो ‘राक्षस राजा’. हो, राणीला बढती मिळाली की ती राजा होते. पुढे वाढीव भाग आला त्यात बढतीचा आणखी एक पर्याय मिळाला, ‘राक्षस क्षत्र’. ही नावं कोणीतरी संस्कृत शब्दांच्या यादीवर बोट फिरवत निवडली असावीत असंच वाटतं. बरं, या राक्षसाची चाल काय? समोरच्याला उलटा वार करता येत नाही. म्हणजे आधीच्या भागातल्या नागिणीचा नियम, नव्या कातड्यात. राक्षस म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? रूप बदलणं, रात्री बळ वाढणं, यज्ञात विघ्न, वरदान आणि त्यातली पळवाट. रावण, मारीच, हिडिंबा, घटोत्कच: यांतल्या कोणाचीही गोष्ट एका नियमात बसवता आली असती. मारीचाचं हरीण तर डावपेचांच्या खेळासाठी जणू घडवलेलंच आहे. पाचवा भाग दिसायला देखणा आहे, त्रिमिती आहे, कॅमेरा गरगर फिरतो. तरी त्यात राक्षसाचं नावच तेवढं आहे. तिसऱ्या भागातला सिंदबादचा रुख पक्षीही असाच बळी गेला आहे. पैसे भरले की तो उत्तर अमेरिकेच्या आदिवासींचा थंडरबर्ड होतो, एका खंडातून दुसऱ्या खंडात, पंखही न बदलता.

इथवर माझं कौतुक आणि किरकोळ कुरकुर झाली. खरी तक्रार पुढे आहे, आणि ती जिन्न-नागांच्या रूपाबद्दल नाही, त्यांच्या नोकरीबद्दल आहे.

माझं पोटापाण्याचं काम प्राण्यांच्या संख्येची गणितं मांडण्याचं. त्यामुळे या खेळातल्या एका गोष्टीने मला पहिल्यापासून छळलं आहे. नकाशावर जागोजागी मोकळे जीव उभे असतात, कोणाच्याच नोकरीत नसलेले. त्यांची संख्या दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढते: १०० चे ११०, मग १२१. जितके जास्त तितकी भर जास्त. जिवंत प्राणी असेच वाढतात. पण नगरातल्या घरात मात्र जिन्न आठवड्याला तीन येतात. आधी तिथे शून्य असोत नाहीतर पन्नास, येणार तीन. नाग दोन. ग्रेमलिन सोळा. मोठा किल्ला बांधला की हेच आकडे दुप्पट. आमच्या भाषेत पहिलीला वाढ म्हणतात. दुसरीला वाढ म्हणत नाहीत, पुरवठा म्हणतात. खेळाच्या पटावर शब्द ‘वाढ’ असाच आहे, पण त्या घरात कोणी जन्मत नाही. कुठून तरी दर सोमवारी एक तुकडी उतरते, एवढंच. अबू धाबीत किंवा शारजात चार वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दरही ठरलेले आहेत. ग्रेमलिन ३० सोन्याला, जिन्न ५५०, नाग ११००. ग्रेमलिनचा जीव ४, नागाचा ११०. लढाईत शंभर इजा झाली आणि ती जिन्नांच्या गठ्ठ्यावर पडली, तर प्रत्येकाचा जीव ४० असल्याने दोघं मरतात आणि तिसऱ्याचे वीस उरतात. बाकीच्यांना ओरखडा नाही. लढाई संपली की तो तिसराही पुन्हा धडधाकट. म्हणजे या जगात मेलेले असतात आणि ठणठणीत असतात, जायबंदी कोणी नसतं. कोणाला घरी परत पाठवावं लागत नाही, कोणाच्या औषधाचा खर्च नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट: एकदा ५५० मोजले की पुन्हा कधी काही द्यावं लागत नाही. त्या जिन्नाला पगार नाही.

हे नकळत सुटलेलं नाही. याच कंपनीचा याआधीचा खेळ, १९९० चा ‘किंग्ज बाउंटी’, या मालिकेचा थोरला भाऊ. त्यात दर आठवड्याच्या शेवटी फौजेचा खर्च वजा होत असे. नवी मालिका सुरू करताना तो खर्च काढून टाकला. खेळ सुटसुटीत झाला यात वाद नाही. तिजोरी भरत जाते, फौज फुगत जाते, हिशेब डोक्यात राहतो. पण पगार गेला त्याबरोबर थकबाकी गेली, थकबाकीबरोबर तगादा गेला, आणि तगाद्याबरोबर फौजेला मालकाशी बोलायचं जे एकच साधन होतं तेही गेलं.

मराठी वाचकाला इथे काहीतरी खटकायला हवं, कारण आपला लष्करी इतिहास थकलेल्या पगारांनी भरलेला आहे. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याच्या पत्रांत लढायांपेक्षा धरणी जास्त लक्षात राहतात: पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. फौज म्हणजे काय हे त्या पत्रांतून जितकं कळतं तितकं बखरीतून कळत नाही. फौज म्हणजे आधी देणेकऱ्याच्या दारात बसलेले लोक, आणि मग लढणारे.

याच संदर्भात खेळातला मनोबलाचा नियम बघा. एका नगरातलेच जीव फौजेत असले तर मनोबल एकने वाढतं. दोन नगरांतले असले तर काही फरक नाही. तीन नगरांतले एकत्र आले की एकने घटतं, चार आले की दोनाने. मनोबल चढलं तर एखाद्याला जास्तीची पाळी मिळते, घसरलं तर असलेली पाळी जाते. म्हणजे खेळाचं म्हणणं असं, की निरनिराळ्या मुलखांतल्यांना एकत्र आणलं की फौज खचते. आता १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. १८१७ मध्ये नागपुरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी, मालक इंग्रजांच्या हाती गेल्यावरही शहर सोडलं नाही. अटी ठरल्या तेव्हाच ते निघाले. पुढच्या वर्षी मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तोही अरबांच्या शिबंदीने. हे लोक समुद्र ओलांडून चाकरीला आले होते, त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. त्यांचं मनोबल खचायचं ते शेजारी कानडी की रोहिला उभा आहे यावरून नव्हे. पैसे कधी मिळणार, यावरून. पगारच नसलेल्या खेळाला मनोबल मोजायला दुसरं काहीतरी लागणार होतं, म्हणून त्याने गाव मोजलं.

हा माझा मुख्य आक्षेप. मी ज्या इमारतीत राहते तिथे एका मजल्यावर केरळ, लाहोर, मनिला आणि काहिरा आहे. भांडणं होतात, पार्किंगवरून. तुमच्याही इमारतीत होत असतील. पण तिथली सगळी घरं एकदम उदास कधी होतात हे मी पाहिलं आहे, आणि त्याचा संबंध नेहमी कोणाच्या तरी कंपनीत महिनाअखेर काय झालं याच्याशी असतो. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देऊन त्याची नोंद ठेवण्याची सरकारी व्यवस्था आहे. ती आणावी लागली यातच मनोबलाचं खरं सूत्र कुठे आहे ते दिसतं.

एका पात्राबद्दल मात्र खेळाला पूर्ण गुण द्यायला हवेत. टॉवर नगरातला सोलमिर नावाचा एक नायक आहे. तो स्वतः जिन्न आहे आणि विजेचा साखळी-मंत्र ही त्याची खासियत. आपण भाड्याने घेतो त्या जिन्नांवर तो हुकूम चालवतो, म्हणजे मुकादम म्हणा. त्याची चार ओळींची हकिगत खेळात दिली आहे, ती माझ्या शब्दांत अशी: हजार वर्षं बाटलीत कोंडलेला असताना एकाने त्याला सोडवलं. कृतज्ञतेने त्याने शपथ घेतली की सोडवणाऱ्याची हयात आहे तोवर त्याची चाकरी करीन. सोडवणारा निघाला गॅव्हिन मॅग्नस, ब्रकाडाचा अमर राजा.

अरबी सुरस गोष्टींतला कोळी आणि जिन्न तुम्हाला आठवत असेल. कोळ्याच्या जाळ्यात सुलेमानच्या मोहरेची सुरई येते. आतल्या जिन्नाने पहिलं शतक ठरवलेलं असतं, की सोडवील त्याला श्रीमंत करीन. मग बक्षीस वाढवत नेलेलं असतं. आणि इतकी शतकं कोणी आलं नाही म्हणून संतापून शेवटी ठरवलेलं असतं, की आता जो सोडवील त्याला ठार करीन. उशीर झालेल्या सुटकेचा राग हा त्या गोष्टीचा गाभा. सोलमिरच्या हकिगतीत तो राग उलटा केला आहे. इथे जिन्न कृतज्ञच राहतो आणि करारात अडकतो. शपथेची मुदत त्याने ठरवली, शब्द त्याचे, कोणी फसवलं नाही. फक्त समोरच्याची ‘हयात’ म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही. माझा करार दोन-दोन वर्षांचा असतो आणि दर वेळी नव्याने सही होते. तरीही ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले आणि मग करार काढून पुन्हा वाचला. पन्नास तासांच्या खेळात या चार ओळी हीच एक जागा आहे जिथे चाकरीच्या अटी चाकरी करणाऱ्याच्या बाजूने दिसतात.

आता जे या फौजेत आलेच नाहीत त्यांच्याबद्दल. ‘आपल्या पुराणांवर असा खेळ का होत नाही’ हा प्रश्न मराठी गप्पांत हमखास निघतो. थोडंफार झालं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, त्यात एक मुलगी असुरांशी लढते, आणि तो बघण्यासारखा आहे. पण फौजेचा खेळ हवा असेल तर पुराणांपर्यंत जायचीही गरज नाही. कोकणात तयार फौज आहे. वेताळ सेनापती. हाताखाली ब्रह्मराक्षस, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग. बायकांत हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन वेताळाची स्वारी निघते असं सांगतात. एन्थोव्हनच्या १९१५ च्या कोकणातल्या लोकसमजुतींच्या पुस्तकात यांची अशी वर्गवारी आहे की खेळ बनवणाऱ्याला आयतं सामान मिळावं.

पण ती वर्गवारी नीट वाचा. तिथे पायरी ठरते ती दरावरून नाही, कोण कसं मेलं त्यावरून. मुंज झालेला, सोडमुंज न झालेला मुलगा मेला की मुंजा. बाळंतपणात गेलेली हडळ किंवा अलवंतीण. विधवा मेली तर लावसट. मुसलमानाचं किंवा हबशाचं भूत म्हणजे खवीस, आणि हा शब्दच अरबीतून आलेला. जात, लग्न, धर्म, बाळंतपण: गावाने जे हिशेब जिवंतपणी चुकते केले नाहीत ते सगळे या यादीत आहेत. यांना ३० आणि ५५० चे भाव लावता येणार नाहीत असं मी म्हणत नाही. लावता येतील. अडचण दुसरीच आहे. ही मंडळी जागा सोडत नाहीत. मुंजा त्याच्या पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. वेताळाची स्वारीसुद्धा शिवेच्या आत. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गाव राखत हिंडतो आणि चपला झिजतात. इतका चालणारा सेनापती कुठे सापडणार? पण तो चालतो आरवलीत. त्याला नायकाच्या मागे सात जागांपैकी एकीत बसवून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तर तिथे पोचेल तो वेतोबा नसेल.

आखातातलीही एक अशीच यादी आहे, आणि तीही या खेळात नाही. इथल्या जुन्या लोकांची उम्म दुवैस: अत्तराचा घमघमाट, बघत राहावं असं रूप, आणि हाताच्या जागी विळा. रात्री एकट्या पुरुषाला गाठते. आपल्या हडळीचे उलटे पाय आणि हिचा विळा, दोघींची ओळख पटायला फार वेळ लागणार नाही. मोती काढणाऱ्यांच्या होड्यांना सतावणारा बू दर्या: नावातला ‘दर्या’ तोच, आपल्या कोळ्यांच्या तोंडातला. रास अल खैमात अल् जझिरा अल् हमरा हे ओसाड पडलेलं मोतीवाल्यांचं गाव आहे. प्रवाळाच्या दगडाची घरं, १९६० च्या दशकाच्या अखेरीस माणसं उठून गेली, आणि तेव्हापासून तिथे जिन्नांचा वावर आहे असं म्हणतात. टोबी हूपरने त्याच गावाच्या आख्यायिकेवर ‘जिन’ नावाचा सिनेमा केला, २०१३ मध्ये. तो काही खास नाही. पण एक गोष्ट त्याला कळली होती: माणसं अबू धाबीला गेली, जिन्न गावातच राहिले.

डावपेचांच्या खेळाला हे जीव परवडत नाहीत. त्याला बाटलीत मावणारा जिन्न हवा, कुठेही उघडता येणारा. ‘हिरोज ३’ ने घेतलेले बहुतेक जीव याच जातीचे आहेत, पुस्तकांतून आधीच सुटे झालेले. म्हणून मला वेताळाच्या फौजेचा खेळ कोणी काढलाच तर तो नकाशा जिंकण्याचा नसावा असं वाटतं. तो एका शिवेच्या आतला असावा. मुंज्याचा वेग शून्य, पिंपळाच्या सावलीत बळ दुप्पट. पिंपळ तोडला की तो तुमच्या बाजूने नाही, कोणाच्याच नाही. दर अमावास्येला नारळ, कोंबडा किंवा चपला द्यायच्या. नाही दिल्या तर फौज तुमच्याच अंगणात येऊन बसते. एवढा एक नियम घातला तरी ‘किंग्ज बाउंटी’नंतर गेलेला पगार परत येईल, आणि ब्रॉटनच्या पत्रांतलं धरणंही.

तोवर तिसरा भाग आहेच, आणि तुम्ही अजून खेळला नसाल तर टॉवर घेऊनच सुरुवात करा. महागडं नगर आहे, पहिले दोन आठवडे हात आखडून काढावे लागतात. नाग लवकर बांधा. फौजेच्या सातही जागा भरल्या आणि नवा जीव घ्यायचा असला, तर जुन्यांपैकी एका गठ्ठ्यावर क्लिक करून त्याला कामावरून काढता येतं. खेळ एकदा विचारतो, नक्की का? हो म्हटलं की चौकट रिकामी होते. ते जिन्न परत त्यांच्या घरी गेलेले दिसत नाहीत. मी जाऊन पाहिलं आहे. घरात आकडा तोच असतो, त्या आठवड्याचे तीन.